परशुराम बी. टी. म्हणजे कोण

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात भोईर बाई मानसशास्त्र शिकवायच्या आणि मी ग्रंथालय सांभाळायचे. तुळसा परशुराम भोईर. गाव बाळकुम, घरात कॉलेजपर्यंत पोचलेल्या पहिल्याच. डॉक्टरेट झाली तरी कुणी 'मॅडम' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "बाई म्हणा. मॅडम म्हटलं की मला मागे वळून बघावंसं वाटतं," म्हणायच्या.

त्र्याऐंशी साली त्यांनी एक काम हातात घेतलं. खाडीकाठच्या गावांत फिरून लहान मुलांची वजनं करायची आणि प्रत्येक घरात विचारायचं, आई कामावर गेली की मूल कोण सांभाळतं? बाळकुम, कोपर, पुढची दोन-तीन गावं. दर रविवारी खांद्याला काटा आणि झोळी. त्यांच्या आत्या शेवंतीबाई गावोगाव बाळंतपणं करायच्या, त्या सोबत असायच्या. कुठल्या घरात कुठलं मूल कधी जन्मलं, हे शेवंतीबाईंना पाठ होतं. तीन वर्षांत तीनशे बारा मुलं झाली. निष्कर्ष साधा होता: आईची आई जवळ राहते, त्या घरातली मुलं वजनाला जास्त भरतात. वडिलांची आई जवळ असली, तर तेवढा फरक पडत नाही.

आता हे असं का? बाईंचं म्हणणं, याचं मूळ माणसाच्या फार जुन्या इतिहासात आहे. मूल लेकीचं आहे, याबद्दल तिच्या आईला कधीच शंका नसते. लेकाच्या आईला तेवढी खात्री कुठल्याच काळात नव्हती. हजारो पिढ्यांत माया त्या खात्रीच्या बाजूला झुकत गेली. बाईंनी शेवंतीबाईंना हे समजावून सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "मना काय शिकवतेस? आयचे आयला पक्का ठाव असतंय. यासाठी तीन वर्सं फिरलीस?"

"तुला ठाऊक होतं गं आत्या. मला ते मोजायचं होतं."

विभागप्रमुख मात्र हसले नाहीत. निबंध वाचून म्हणाले, "याने तुमच्याच समाजाची बदनामी होईल."

"ही कुठल्या एका समाजाची गोष्ट नाही सर. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पणज्यांची आहे."

त्यांनी निबंध बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बरं. पण तुमच्या एकटीच्या नावावर बाहेर कुणी छापणार नाही. माझं नाव पहिलं टाका, तुमचं दुसरं."

"तुम्ही कुठल्या गावाला आला होतात?" बाईंनी विचारलं.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच राहिलं. एका परदेशी नियतकालिकाने निबंध परत पाठवला. दुसऱ्याने दोनदा दुरुस्त्या सांगितल्या आणि एकोणनव्वद साली छापला. बाईंनी त्याची एक प्रत मला ग्रंथालयात ठेवायला दिली. विभागातल्या कुणी ती मागायला आलं नाही.

चौऱ्याण्णव साली वरच्या पदासाठी अर्ज मागवले गेले. समितीला नुसते निबंध पुरणार नव्हते. इतर संशोधकांनी ते किती वेळा आधाराला घेतले, तेही हवं होतं. त्याची वार्षिक सूची मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत मिळायची. विटेएवढे जाड खंड, मुंगीएवढी अक्षरं. एका शनिवारी आम्ही दोघी गेलो. 'भोईर'खाली पाच वर्षांत तीन नोंदी सापडल्या, तिन्ही आपल्याकडच्या.

बाई खंड मिटून म्हणाल्या, "तीन तर तीन. लिहून घे मंजुळा."

पण पुढच्याच आठवड्यात कॉलेजात एक परदेशी पोस्टकार्ड आलं. शिपाई ते परत पाठवायला निघाला होता, कारण त्या नावाचं इथे कुणीच नव्हतं. मी सहज हातात घेतलं. 'डॉ. बी. टी. परशुराम यांस, आपल्या निबंधाची प्रत मिळावी.' निबंध बाईंचा होता!

मग डोक्यात उजेड पडला. आपण अर्जात लिहितो तसं बाईंनी आडनाव आधी लिहिलं होतं: भोईर तुळसा परशुराम. तिकडच्यांनी शेवटचा शब्द आडनाव समजून उचलला. पुढच्या शनिवारी आम्ही 'प' अक्षराचे खंड काढले. परशुराम बी. टी., चौदा नोंदी. कुठे कुठे आपल्या बाळकुम-कोपरच्या मुलांचा आधार घेतला होता! एकाने तर विरोधात अख्खा निबंध लिहिला होता. बाईंना त्याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

मुलाखतीला समितीत विभागप्रमुखही होते. बाईंनी यादी पुढे ठेवली. सतरा. बाहेर आल्यावर बाईंनी मला सगळं सांगितलं, अजून चेहरा लाल होता.

अध्यक्षांनी विचारलं, "हे परशुराम कोण? तुमचे सहलेखक?"

"माझे वडील. मिठागरात काम करायचे."

दोघेतिघे हसले. विभागप्रमुख म्हणाले, "म्हणजे या चौदा नोंदी तुमच्या नाहीतच. मूळच्या तीन धरायच्या."

"निबंधाखाली याच कॉलेजचा पत्ता आहे. या पत्त्यावर दुसरा परशुराम शोधून दाखवा, मी अर्ज मागे घेते."

अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "एक प्रतिज्ञापत्र करून आणा, की परशुराम म्हणजे तुम्हीच. विषय मिटेल."

"नाही आणणार. चूक छापणाऱ्याची आहे. मी माझीच आहे, हे शपथेवर का सांगू?"

त्या वर्षी ते पद हातचं गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी संपादकांना पत्र धाडलं. उत्तर चार महिन्यांनी आलं: दुरुस्ती छापू, पुढच्या वेळी गोंधळ नको म्हणून मधलं नाव गाळावं, अशी सूचना. बाई म्हणाल्या, "वडिलांना गाळू? आडनावापुढे एक स्वल्पविराम देईन, त्याहून जास्त नाही."

दुसरा निबंध त्याच मुलांवरचा होता, आता शाळेत जाणाऱ्या. शहाण्णवच्या सुरुवातीला तो छापून आला, तेव्हा लेखक म्हणून दोन नावं होती. पहिलं बाईंचं, दुसरं शेवंती गोमाजी भोईर. विभागप्रमुख ग्रंथालयात येऊन माझ्यावरच चिडले, "सही करता न येणाऱ्या बाईचं नाव? आपल्या कॉलेजचं हसं होईल."

बाई मागच्या टेबलावर पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, तीनशे बारा जन्मतारखा त्यांनी दिल्यात. तुम्ही एक सांगा, तुमचंही नाव घालते."

त्याच वर्षी नवी समिती आली आणि दुरुस्तीचं छापील पान बघून बाईंना पद दिलं. त्या अर्जात निबंधांच्या यादीसाठी पानभर जागा होती. बाईंनी दोनच ओळी लिहिल्या, आणि उरलेल्या जागेवर कुणी नंतर काही घुसडू नये म्हणून तिरकी रेघ ओढली.