बारक्याच्या नावावरचे खिळे

वडप्याला हायवेच्या कडेला बारक्या मुकण्याचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक करंजाचं झाड, त्याच्या फांदीला टांगलेला ट्रकचा जुना टायर, अर्धं कापलेलं पाण्याचं पिंप आणि एक हवेचा हातपंप. गिऱ्हाइकाला बसायला एक लाकडी खोकं ठेवलेलं असे. ते रिकामं असलं तर त्यावर बारक्या बसे. पण एवढं उभं करायला त्याचा निम्मा जन्म गेला होता.

बारक्या कातकरी. दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचं आणि पाऊस लागायच्या आत वाडीवर परतायचं, यातच त्याचं लहानपण गेलं. पुढे तो ट्रकवर क्लीनर झाला. पडघ्याच्या नाक्यावर केरळचा एक अण्णा पंक्चर काढायचा. त्याच्या हाताखाली बारक्या टायर खोलायला, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायला, कानशीने ट्यूब घासून पॅच बसवायला शिकला. अण्णा कायमचा गावी निघाला, तेव्हा पंप आणि टायर उचकटायच्या दोन लोखंडी टॉम्या बारक्याच्या हवाली करून गेला. बारक्या थेट वडप्याच्या तात्यांकडे गेला. हायवेला लागून तात्यांची शेतं होती. "बस झाडाखाली," तात्या म्हणाले. "पन एक सांगतो, तुझी कटकट माझ्या दारात आली, तर त्याच दिवशी दुकान उचलायचा."

बारक्याला ही अट मुळीच जड वाटली नाही. कटकट करायची त्याची जातच नव्हती. आणि त्या झाडाखाली त्याला जे मिळालं होतं ते वाडीत कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. भट्टीवाला बोलावील तिथे जायचं, शेतवाला पाठवील तिकडे वळायचं, हीच कातकऱ्याची रीत. इथे उलटं होतं. चांगले शर्टपँटवाले लोक घामाघूम होऊन गाडी ढकलत त्याच्या दारी यायचे आणि "बारक्या, बाबा, बघ रे जरा," असं म्हणायचे. पहिलं वर्षभर तर त्याची बायको सोमी नुसतं हे बघायलाच दुपारची झाडाखाली येऊन बसायची.

या मंडळींत भिवंडीचे प्रभाकर गुरुजी ठरलेलं गिऱ्हाईक. ते राहायला ब्राह्मण आळीत, शाळा पडघ्याला आणि गाडी राजदूत. गाडी जुनी, टायर त्याहून जुने. गुरुजी स्वभावाने गोड, बोलायला मिश्कील. बारक्याच्या वाडीतल्या दोन पोरांना त्यांनी शाळेत बसवलं होतं, त्यामुळे बारक्याच्या मनात त्यांना फार मान.

मग वडप्याला गोदामं आली. भाताच्या शेतांत पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. मुंबईहून माल लाकडी खोक्यांतून यायचा. गोदामाच्या दारात ती खोकी फोडायची आणि फळ्या टेंपोत भरून भिवंडीला पाठवायच्या. तिथे मागाच्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांत बॉयलरला लाकूड कितीही लागे. फळ्यांत खिळे तसेच असत. टेंपो खड्ड्यात आपटला की मूठभर खिळे रस्त्यावर. हे दिसत सगळ्यांना होतं, पण बघत कुणी नव्हतं.

एका महिन्यात गुरुजींची राजदूत तीनदा पंक्चर होऊन बसली. तिसऱ्यांदा बारक्या ट्यूब घासत होता. शेजारीच हौसाबाईची चहाची टपरी होती, तिथे पाचसहा लोक कपबशी घेऊन उभे होते. गुरुजी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय रे बारक्या, रात्री खिळे पेरतोस आणि सकाळी पीक काढतोस की काय?"

सगळे हसले. बारक्याही हसला. गुरुजींसारखा माणूस आपली थट्टा करतोय, आपल्याला चारचौघांत माणसात धरतोय, याचंच त्याला कौतुक. आणि थट्टेला थट्टेनेच उत्तर द्यावं म्हणून तो म्हणाला, "व्हय तर गुरुजी! तुमच्या राजदूतसाठी तं दोन मूठ जास्तीच पेरतो."

केवढा हशा झाला! हौसाबाईच्या हातातली किटली हिंदकळली. बारक्या त्या दिवशी घरी गेला तो खुशीत. सोमीलाही त्याने आपलं उत्तर ऐकवलं.

मोठ्यांची थट्टा ही मोठ्यांनाच परवडते. गरिबाने तिच्यात भर घातली की तिचा कबुलीजबाब होतो, हे त्या भल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

ती गोष्ट टपरीवरून निघाली आणि हायवेने दोन्ही बाजूंना गेली. पडघ्याला पोचेपर्यंत तिच्यातलं हसू गळून गेलं होतं. "वडप्याचा पंक्चरवाला खिले टाकतो. सोताच बोलला." पडघ्याचा हिरामण मोटारसायकलला किटल्या लटकावून भिवंडीला दूध घालायचा. त्याची गाडी एका सकाळी पंक्चर झाली, किटल्यांतलं दूध उन्हात नासलं आणि तो थेट तात्यांच्या ओटीवर गेला. बारक्याला बोलावणं आलं.

"तात्या, मी न्हाय टाकत," बारक्या म्हणाला. "त्या खोक्यांच्या फल्या जातात ना टेंपोतनं, तिथनं पडतात. गोदामाच्या दारात चला, मी दाखवतो."

तात्यांचा आवाज एकदम खाली आला. "गोदामवाल्यांचा नाव घेऊ नको." गोदामं तात्यांच्याच जमिनीवर होती. "आनि तू सोताच बोलला ना, पेरतो म्हनून? हौसाला विचारू?"

"ती मस्करी होती."

"मस्करी का काय ते मना म्हाईत न्हाय. कटकट दारात आली. ही पयली येल म्हनून सोडतो."

घरी सोमीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पन तू हसलास कशाला तवा?"

"गुरुजी हसले म्हनून," बारक्या म्हणाला. दुसरं काही कारण त्याच्यापाशी नव्हतंच.

त्या रात्री त्याला एक गोष्ट सुचली. रस्त्यावर खिळेच नसले, तर आपलं नाव कोण घेईल? गणपती मंडळाचा एक फुटका कर्णा त्याच्याकडे पडून होता. त्यातला लोहचुंबक त्याने काढला, सुतळीला बांधला आणि रोज उजाडायच्या सुमाराला तो रस्त्याने ओढत निघायला लागला. गोदामांपासून पुलापर्यंत जायचं आणि पलीकडच्या कडेने परत यायचं. चुंबकाला खिळ्यांचा झुपका लागला की तो डालड्याच्या डब्यात झाडायचा. वाकडे, गंजके, फळीच्या ढलप्या चिकटलेले खिळे. डबा रोज भरे.

"सोताच्या पोटावर सोताच पाय देतंस," सोमी म्हणायची. खरंच होतं ते. पंक्चर कमी झाली. कधीकधी दुपार टळून जाई तरी खोकं रिकामंच असे आणि बारक्या त्यावर बसून पेंगत असे. पहाटे चालून पाय भरून यायचे, कंबर दुखायची, आणि दिवसभर काम नाही म्हणून जीव आणखीच दमायचा. काम केल्याचा शीण झोपेने जातो, पण हा शीण जाता जाईना. आपण चांगले आहोत हे रोज पहाटे उठून सिद्ध करायचं, तेही कुणी बघत नसताना. पण पंधरवडाभर त्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्याला वाटलं, चला, निभावलं.

एक दिवस धुकं होतं. बारक्या पुलाजवळ खाली वाकून डब्यात चुंबक झाडत होता आणि मागून मोटारसायकल येऊन थांबली. हिरामण. त्याने आधी बारक्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"गावला!" तो ओरडला. "रंगे हाथ गावला! ए, या रे इकडं!"

बारक्याच्या डोक्यात शब्द होते. वेचतोय, दादा, टाकत न्हाय. पण त्यांच्या आधी चेहऱ्यावर त्याचं ते नेहमीचं हसू आलं. घाबरला की त्याला हसू येई, लहानपणापासूनच. भट्टीवर शेठने कान पिळला तरी तो हसायचा आणि त्याबद्दल आणखी मार खायचा.

"हसतंय बघा कसा बेशरम!" हिरामण म्हणाला आणि त्याने डबा हिसकावून घेतला.

तात्यांच्या ओटीवर डबा मध्यभागी ठेवला होता आणि सगळे भोवती. पहाटेची वेळ, रस्त्यावर कातकरी, हातात खिळ्यांनी भरलेला डबा. याहून जास्त पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो? बारक्याने चुंबक दाखवला. कुणीतरी म्हणालं, हुशार आहे, गावलं तर दाखवायला चुंबक बी ठेवलाय. कुणावर आळ घ्यायचा असला की कातकऱ्याइतकं सोयीचं माणूस या मुलखात दुसरं नाही. कोंबडी हरवो नाहीतर खिळा सापडो.

तेवढ्यात प्रभाकर गुरुजींची राजदूत रस्त्यावरून जाताना बारक्याला दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला. तोच धावत जाऊन त्यांना घेऊन आला. "सांगा गुरुजी," तो म्हणाला, "तुमीच आधी बोलला होता ना, मस्करीत?"

गुरुजींनी डब्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "हो, म्हणजे, मी आपलं गमतीनं म्हटलं होतं," ते म्हणाले.

"पन हा टाकत न्हाय, ह्ये तुमी सांगता का?" हिरामणने विचारलं.

"आता मी काही पहाटे इथं नसतो," गुरुजी चाचरत म्हणाले. "पाहिलं नाही ते कसं सांगू? तसा माणूस चांगला आहे तो." आणि पहिला तास चुकेल म्हणून ते निघून गेले.

ते खोटं बोलले नाहीत, हे खरंच. पण त्यांनी एक वाक्य आणखी बोलायला हवं होतं, आणि ते बोलायला त्यांना काही लागलं नसतं. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. बारक्याला मात्र राग आला नाही. त्याला नुसतं खाली बसावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत झाडाखालची जागा रिकामी झाली. सोमीने टॉम्या आणि पंप पोत्यात घातला, आणि दोघं वाडीकडे गेली. महिन्याभरात त्या जागी गोदामाचं नवं फाटक लागलं. तात्यांचा सुंठीवाचून खोकला गेला.

वाडीवर बसून पोट भरत नाही. बारक्या गोदामात हमालीला लागला, आणि मुकादमाने त्याच्या हातात पहार देऊन त्याला खोकी फोडायला बसवलं. सुरुवातीला तो फळीतले खिळे उपटून बाजूला ठेवायचा. "वेळ घालवू नको, फळ्या भर," मुकादम खेकसला. मग त्याने तेही सोडलं.

रस्त्यावर आता वेचणारं कुणी नव्हतं. खिळे पूर्वीपेक्षा दुपटीने वाढले, गाड्या दिवसाआड बसायला लागल्या. आणि लोक काय म्हणाले असतील? दुकान नसताना हा माणूस खिळे का टाकील, एवढा साधा प्रश्न कुणालाही पडला नाही. "सूड घेतोय," हिरामण सगळ्यांना सांगायचा. "जागा गेली ना, आता रातचा येऊन टाकतो." वाडीतली माणसंही बारक्याबरोबर रस्त्याने चालायला कचरायला लागली. एखादी गाडी कडेला लागलेली दिसली की बारक्या शेतात उतरून लांबून जायचा. ज्या कामाने त्याला माणसात आणलं, त्या कामाच्या आसपास दिसायचीही आता चोरी होती.

एका दुपारी गोदामाच्या फाटकासमोरच राजदूत डुगडुगली आणि थांबली. गुरुजी उतरले. मागचं चाक पार जमिनीला टेकलं होतं. ऊन मी म्हणत होतं, पडघ्यापर्यंत पंक्चरवाला उरला नव्हता. त्यांनी आत पाहिलं आणि फळ्यांच्या ढिगामागे त्यांना बारक्या दिसला.

"बारक्या!" त्यांनी हाक मारली. आवाजात केवढा आनंद होता!

बारक्या उभा राहिला. हातातली पहार त्याने खाली ठेवली आणि दोन्ही हात उघडे करून दाखवले.

"मी न्हाय टाकला, गुरुजी," तो म्हणाला.

गुरुजी गडबडीने म्हणाले, "अरे, कोण म्हणतंय तू टाकलास म्हणून? मला ठाऊक आहे ना."

"तुमाला ठावं हाय?"

गुरुजी चाकाकडे वळले. मान खाली घालून ते म्हणाले, "एवढं चाक बघ रे बाबा. उन्हात कुठे ढकलत नेऊ?"

बारक्या फाटकाबाहेर आला. चार हमाल आणि टेंपोचा ड्रायव्हर बघायला थांबले. टायरमध्ये खिळा स्पष्ट दिसत होता, डोकं वर काढून बसलेला. बारक्याचा हात आपोआप पुढे झाला. एका झटक्यात निघाला असता. पण तो हात त्याने अर्ध्यातूनच मागे घेतला.

"चाक मी बघतो, गुरुजी," तो म्हणाला. "वाडीवरनं पंप आनतो, पॅच लावतो. पन खिला तुमी काढा. माझ्या हातात कुनी बघायला नको."

गुरुजी गुडघ्यावर बसले. गाडीच्या डिकीतली पक्कड घेऊन ते खटपट करू लागले. त्यांना जमत नव्हतं, खिळा निसटत होता, घाम नाकावरून गळत होता. मदत करावी असं बारक्याला फार वाटत होतं, पण खिळा निघेपर्यंत तो दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला.