बर्फातले शिपाई, जूचंद्रची रांगोळी

कुठलाही शिपाई हातात दिला, की काका आधी त्याला उलटा करायचे. चेहरा नाही, टोपी नाही, बंदूक नाही, थेट तळपाय. दोन बोटं उंचीचा तो प्लॅस्टिकचा माणूस डोक्याला धरून उजेडात न्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "ह्यो उभा कुटं हाय?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, "काका, तुमच्या हातात."

"ते दिसतंय मना. लडाईच्या टायमाला कुटं व्हता? चिखलात, रेतीत, का डांबरी रोडवर?"

आता माझा छंद सांगायलाच हवा, आणि तो सांगताना मला अजूनही थोडं अवघडतं. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, गोखिवऱ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि दर रविवारी चार मित्रांबरोबर सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावर लढाया खेळतो. फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजायचं, त्याप्रमाणे आपापलं सैन्य पुढे सरकवायचं. शिपाई राखाडी रंगाचे, प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. ते खुडायचे, जोडायचे, रंगवायचे आणि सगळ्यात शेवटी पायाखालच्या चकतीवर माती, खडे, गवत चिकटवायचं. याला आम्ही बेस करणं म्हणतो. तोवर सगळे इतके कंटाळलेले असतात, की तिथे नुसत्या पाट्या टाकतात. माझी बायको या सगळ्या प्रकाराला 'ह्यांच्या बाहुल्या' म्हणते.

काका आमच्या कंपनीत पिंपांवर अक्षरं रंगवायचे. 'ज्वलनशील', 'उलटे ठेवू नये', असली. पण त्यांचं खरं नाव होतं ते जूचंद्रात. जूचंद्रात दगड भिरकावला तर तो रांगोळी काढणाऱ्यालाच लागतो, असं आम्ही चेष्टेने म्हणतो, आणि अशा गावात दिवाळीच्या प्रदर्शनात लोक यांच्या रांगोळीचा चौकोन शोधत यायचे. म्हातारीच्या गालावरची सुरकुती, पितळी तांब्यावर पडलेला खिडकीचा उजेड, हे सगळं नुसत्या चिमटीतून. चाळीस वर्षं दर दिवाळीला त्यांनी आठ-आठ तास उकिडवं बसून रांगोळ्या काढल्या. प्रदर्शन संपलं, की झाडूने पुसल्या जायच्या. पुढल्या दिवाळीला पुन्हा नवी.

मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी उकिडवं बसणं साफ बंद केलं. त्या दिवाळीला त्यांच्या चौकोनात दुसऱ्याने रांगोळी काढली, आणि काका दिवसभर दोरीच्या बाहेर उभे राहून आले. दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यांनी डबाही उघडला नाही. हात चांगला असताना गुडघ्यांपायी कला सुटणं म्हणजे काय, ते त्या दुपारी मला त्यांच्याकडे बघून कळलं. माझ्या ड्रॉवरमध्ये अर्धवट रंगवलेले शिपाई पडले होते, त्यातला एक त्यांच्यासमोर ठेवला. "काका, हे टेबलावर बसून होतं," एवढंच म्हणालो.

त्यांनी तो उचलला आणि उलटा केला.

माझं सैन्य बर्फात लढलेलं होतं. लांब कोट घातलेले साठ शिपाई, थंड मुलखातले. मी तसं सांगितलं. काका विचारात पडले, कारण त्यांनी बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर. आम्ही सगळे बेसवर पांढरा रंग फासून मोकळे होत होतो. काका दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावला मासळी उतरते तिथे जाऊन उभे राहिले. टोपल्यांतून खाली सांडलेला, लोकांनी तुडवलेला बर्फ तासभर बघत बसले. आले ते खूश होऊन.

"बरफ पांडरा नसतोच रं पोरा! पायाखाली गेला का निळा पडतो, मंग मातीचा व्हतो. पांडरा ऱ्हातो फक्त जितं कोन गेला नाय तितं."

आम्ही सगळे आधी माणूस रंगवतो आणि मग त्याच्या पायाखाली जमीन चिकटवतो. काकांचं उलटं. रांगोळीला आधी गेरूची जमीन लागते, म्हणून शिपायालाही आधी जमीन. चकती तयार झाली की मग त्या चिखलाचे शिंतोडे बुटावर, बुटावरून कोटाच्या कडेला, असे ते खालून वर चढत जायचे. त्यामुळे त्यांचा शिपाई चालून आलेला वाटायचा. आमचे नुकतेच दुकानातून आणलेले वाटायचे, आणि आणलेलेच होते म्हणा.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली. बर्फाला चकाकी हवी म्हणून या आगरी माणसाने हाताशी होतं ते वापरलं, मिठागराचं मीठ. फेब्रुवारीत ते इतकं झकास दिसलं, की आम्ही पाचही जण खुळ्यासारखे बघत राहिलो. जूनमध्ये हवा ओली झाली आणि मिठाला पाणी सुटलं. कपाट उघडलं तर माझी अख्खी तुकडी डबक्यात उभी. मी घाबरत घाबरत त्यांना बोलावलं. काका पोट धरून हसले. "बरफ हाय, वितळनारच!" मग एकेका शिपायाचे पाय धुऊन नवा बर्फ केला, या वेळी रांगोळीच्या पांढऱ्या पुडीचा.

तिथून त्यांना वाट सापडली. कोटांना नुसता ब्रशचा रंग त्यांना पटेना. काकींच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून रांगोळीचे रंग वस्त्रगाळ करायचे आणि ती भुकटी चिमटीने, अगदी अर्ध्या चिमटीने, कोटावर सोडून बोटाने दाबायची. कापडाला जसा मळ चढतो तसा तो रंग चढायचा. दाराशी काकींचं शिलाई मशीन होतं, त्याच्या फळीवर हे काम चाले. काकी मागून बघत असायच्या. साठ शिपाई पुरे व्हायला वर्ष गेलं. शेवटचा झाला त्या दिवशी काकी मला हळूच म्हणाल्या, "इतकी वरसं ह्यांनी काडली नि लोकांनी पुसली. फोटो हायेत, पन फोटोला हात लावून काय कलतं? आता ह्ये तरी ऱ्हातील ना रं?"

काकांना राहण्याबिहण्याचं काही नव्हतं. मी वार्निशचं नाव काढलं, की ते चिडायचे. भुकटी बोटाला लागते, खेळताना उडेल, असं मी दहादा सांगून पाहिलं. "रांगोलीला कोन गोंद लावतो काय? त्याचा जीव घुसमटंल." विषय बंद.

तुमच्या ओळखीतही असा एखादा हट्टी माणूस असेल, आणि त्याच्या भल्यासाठी त्याला न विचारता काही करावं, असं तुम्हालाही कधी वाटलं असेल. मी ते केलं. ठाण्याहून खेळायला पाहुणे येणार होते, शंभर हात लागणार होते. माझ्या कानात काकींचं वाक्य होतं. जुलैचा महिना, बाहेर पाऊस, मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून साठही शिपायांवर वार्निशचा फवारा मारला. ओल्या हवेत वार्निश मारू नये, हे डब्यावर लिहिलेलं असतं. अर्ध्या तासाने पाहिलं तर सगळ्यांवर ताकासारखी पांढरी साय चढली होती. चेहरे गेले, कोट गेले, तो तुडवलेला निळा बर्फही गेला. मी पुसून पाहिलं, घासून पाहिलं. मग तिथेच खाली बसलो आणि, लपवायचं कशाला, रडलो.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन जूचंद्रला गेलो. काकांनी एक शिपाई काढला. या वेळी उलटा केला नाही. बराच वेळ चेहऱ्याकडेच पाहत राहिले. मी माझं सगळं पाप सांगितलं. काकींचं नाव घेतलं नाही. पण काकी दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काकांना कळलं असावं, कारण आधी ते त्यांनाच म्हणाले, "तू कशाला रडतेस? मना सवय हाय." मग माझ्याकडे वळले. "आमच्यात ज्यानं पुसली, त्यानं जमीन करायची. बस हितं."

शिक्षा म्हणाल तर शिक्षा. चार महिने दर शनिवारी मी त्या मशीनसमोर बसलो. रंग सुटावा म्हणून शिपाई जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने खरवडले. मग बेस केले. पहिले आठ त्यांनी नापास केले. "ह्याच्यावरनं कोनी चाललाच नाय," म्हणायचे. कामावरून येताना चिखलातले ठसे बघायची सवय मला तेव्हा लागली, अजून आहे. नवव्या बेसला त्यांनी मान हलवली. पगारवाढीचं पत्र मिळालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

माझ्या जमिनीवर ते पुन्हा शिपाई उभे करू लागले. आधीपेक्षा चांगले, हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. आमच्यातला सगळ्यात खवचट मित्रही म्हणाला. भुकटी तशीच मोकळी, वार्निश नाही. अकरा झाले. बारावा मशीनच्या फळीवर अर्धवट होता, एक बाही रंगवलेली, तेव्हा एका सकाळी चहा पिता पिता काका गेले. छातीत कळ आली म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

महिन्याभराने मी काकींकडे गेलो. अकरा शिपायांसाठी काचेची पेटी करून घेतली होती, वरून बंद, आत धूळ जाणार नाही अशी. त्यांचं काहीतरी राहायला हवं होतं, आणि जे साठ राहिले असते ते मी घालवले होते. पेटी त्यांच्यापुढे ठेवली.

काकींनी पेटी फिरवून फिरवून पाहिली. "उघडते ना?" विचारलं. मी झाकण काढून दिलं. त्यांनी एक शिपाई बाहेर घेतला आणि त्याच्या कोटावरून अंगठा फिरवला. "जपून," असं मी म्हणणार होतो, पण तोवर रंग सुटून त्यांच्या अंगठ्यावर आला होता. त्या अंगठ्याकडे त्या पाहत राहिल्या. काकांच्या चिमटीतून पडलेला तो रंग, त्यांच्याच पातळातून गाळलेला.

"च्या घेशील ना?" त्या म्हणाल्या. शिपायाला पेटीत न ठेवता मशीनवर उभा करून त्या आत गेल्या. तो हात त्यांनी अंगापासून थोडा लांब धरला होता, रंग कशाला लागून पुसला जाऊ नये म्हणून.