सावागुची सानांची सही

आधी सावागुची सानांचं नाव घेतो, मग बाकीचं. 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आयुष्यभर जपानी कार्टूनना आणि व्हिडिओ गेमना संगीत देत आले. ते माझ्यासाठी लोकांपुढे वाकले नसते, तर मी केव्हाच आपल्या गावी, कोनला परत आलो असतो.

निघालो त्या दिवशी आई गाडीच्या काचेला हात लावून उभी होती. "तिकरं आपला कोन हाय रं? आजारी परलास तं पानी कोन देल?" एवढंच म्हणत राहिली. मी नववीत शाळा सोडलेला. दहा वर्षं हायवेच्या ढाब्यावर तंदूर सांभाळला आणि लग्नसराईत हळदीला बेंजो वाजवला. त्या तंदूरच्या जोरावरच तोक्योजवळच्या एका इंडियन रेस्टॉरंटचा व्हिसा मिळाला. बेंजो कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाकला.

दुपारच्या सुटीत मागच्या गल्लीत हळू वाजवायचो. रोज डाळ-नान खायला येणारे सावागुची सान एकदा तिथे येऊन थांबले. "हे तर माझ्या आईचं वाद्य," म्हणाले. टाइपरायटरसारख्या बटणांचा आपला बेंजो मुळात इथूनच गेलाय म्हणे. मला कुठे माहीत!

मग सुटीला त्यांच्या घरी जायला लागलो. त्यांच्या तरुणपणी गेमच्या मशीनमधून एका वेळी तीन-चारच सूर निघत. गोळी सुटली की त्यातलाही एक त्या आवाजाला द्यावा लागे. "म्हणून चाली अशा बांधल्या, की एक सूर गेला तरी उभ्या राहतील," ते म्हणाले. पोरं खेळत, जेवत, आईशी भांडत, आणि यांची चाल मागे चालूच. नाव कोणी विचारलं नाही.

एका नव्या गेममधल्या गावासाठी त्यांना बेंजो हवा होता. माझा व्हिसा फक्त स्वयंपाकाचा; वाजवून पैसे घ्यायच्या परवानगीचा कागदही त्यांनीच काढून दिला, नाहीतर भीतीनं माझा हात चालला नसता. चाल संपता कामा नये, शेवट सुरुवातीला असा जोडायचा की खेळणाऱ्याला कळू नये. मला हसूच आलं. हळदीत दुसरं काय करतो आपण? जरा थांबलं की नवरीचा मामा ओरडतोच, "ए बेंजो, हात मोडला काय रं?"

स्टुडिओतलं काम दोन मिनिटांचं. पण समोरून कोणी हात केल्याशिवाय आपण थांबत नाही, आणि काचेपलीकडचे सगळे इतके सभ्य की कोणी हातच करेना. वीस मिनिटांनी सावागुची सान हसून हसून डोळे पुसत आत आले. "थांबा आता, गाव दमलं."

पुढे रेस्टॉरंट बंद पडलं. तीन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. इकडे आमच्या सोनीची, धाकट्या बहिणीची, हळद ठरलेली. आई म्हणे, "ये रं आता, बस झाला." भाऊ म्हणे, "गोडाऊनमदी लावतो तुला. तिकरं काय साहेब होनार हायस?" साहेब कसला! पण त्या रेकॉर्डिंगला माझ्यासारख्या अडाण्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं, 'तुम्हाला कसं वाटतं?' ते सोडवेना.

सावागुची सान काठी टेकत माझ्यासोबत अकरा रेस्टॉरंटं फिरले. प्रत्येक मालकासमोर कमरेत वाकले. आपण कोण, हे एकदाही सांगितलं नाही. शेवटी एकाने मला घेतलं. नव्या खोलीच्या करारावर जामीन म्हणून सही त्यांचीच. व्हिसाचे कागद अडकले होते तोवर देशाबाहेर पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. सोनीची हळद मी पीठ मळता मळता फोनवर पाहिली. सोनी, रागावली असशील. बरोबर आहे तुझं.

आता दमलोय. तुम्ही घरचे फोनवर कोनच्या नव्या इमारतींची नावं सांगता, त्यातून आपल्या दारापर्यंतची वाट मला सापडत नाही. घर म्हणजे काय विचारलंत, तर आता एवढंच सुचतं: आपल्या कागदावर बेधडक सही करणारा माणूस.

सावागुची सानांना मूलबाळ नाही. इथे हॉस्पिटलात दाखल होतानाही जामीनदाराची सही लागते. मागच्या खेपेला ती जागा कोरी ठेवून ते काउंटरपाशी कितीतरी वेळ उभे होते. शेजारी मी होतो, पण मला जपानी लिहिता येत नव्हतं. आता सुटीत रोज दहा अक्षरं गिरवतो, पस्तिशीत, पहिलीतल्या पोरासारखी.

सावागुची सान, पुढच्या खेपेला ती जागा मी भरीन. माझ्या हाताने, तुमच्या अक्षरांत.