सहा पिंपं आणि हिच्या कमरेची किल्ली

पोह्याच्या धंद्यात तीस वर्षं गेली, किस्से जमले चार. वाईनमध्ये येऊन दीड वर्ष झालं, तर ऐकायला माणसं खुर्ची ओढून बसतात! कारण साधं आहे. पोहे बिघडले तर दुपारपर्यंत कळतं. वाईन बिघडली की नाही हे कळायला वर्ष जातं, आणि तोवर माणूस काय काय करून बसतो!

मी पेणचा. दारूचा थेंब चाखलेला नाही. मेव्हण्याचा नाशिककडे द्राक्षमळा; त्याची लाल वाईन रोह्याच्या आमच्या दगडी गोदामात मुरवायची, असं ठरलं. पेणचा प्लॉट विकून फ्रान्सहून ओकच्या लाकडाची सहा पिंपं आणली. वाईनचं व्हिनेगर झालं, तर प्लॉट गेला तो गेलाच!

*

रिकाम्या पिंपांवर नंबर टाकायला हमरापूरहून राजा पेंटर आला. गणपतीचे डोळे रेखणारा हात! मी जेवून येतो तर चार नंबरचं पिंप आरशासारखं चमकतंय.

"शेठ, उघडं लाकूड बघवंना. दोन हात व्हार्निश मारलं. आता हवा पण आत जायची नाय!"

वाईन बनवणाऱ्या आमच्या गद्रे मॅडम मटकन खालीच बसल्या. "अहो, लाकडातून थोडी थोडी हवा जावी म्हणून तर ओक! नाहीतर स्टीलची टाकी काय वाईट होती?"

ते व्हार्निश काढायला राजाने दोन दिवस पॉलिश पेपर घासला. वर मलाच म्हणतो, "अशी मूर्ती दिली तर गिऱ्हाईक परत पाठवील!"

*

वाईन भरून महिना झाला. मॅडमनी बूच काढून टॉर्च मारला. वाईन चार बोटं खाली!

मी वॉचमनकडे बघितलं. गोमा, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा.

"माझ्याकडं काय बघता? तोंडाचा वास घ्या!"

घेतला. सुकटीचा होता.

मॅडम हसून म्हणाल्या, "लाकूड पितं हो थोडी. वरून भरत राहायचं."

गोमा आठवडाभर सांगत होता, "पिंप पितंय आन् नाव माझं!"

*

पण माझा जीव त्या व्हार्निश घासलेल्या चार नंबरात अडकलेला. पेणहून रोज गाडी काढायची, बूच उघडायचं, वास घ्यायचा, परत लावायचं. एक दिवस आंबूस वास आला! मॅडमना धावत बोलावलं.

त्यांनी चाखून बघितली. "अजून ठीक आहे. रोज उघडता?"

"छे! दिवसातून दोनदाच."

"शेठ, वाईन हवेनंच आंबते. आणि हवा कोण घालतंय?"

आमची ही शेजारीच उभी. "लोणच्याच्या बरणीला हात लावला तर माझ्यावर ओरडता. आणा ती किल्ली!"

गोदामाची किल्ली हिच्या कमरेला गेली. मग मी दाराच्या फटीला नाक लावायचो. गोमा हळूच विचारायचा, "शेठ, आत कोन आजारी हाय काय?"

*

वर्ष भरलं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलचा माणूस चव बघायला आला. पसंत पडली तर सगळा माल तोच उचलणार.

पहिल्या पिंपाचा घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि बादलीत थुंकला! दुसरं पिंप, थुंकला. तिसरं, थुंकला.

गोमा कानाशी आला. "प्लॉट गेला वो, शेठ!"

मॅडम कुजबुजल्या, "थुंकायचीच असते. दिवसभर चाखणारा माणूस गिळेल कसा?"

हॉटेलवाला चार नंबरकडे वळला. घोट घेतला. मी बादलीकडे बघतोय. आवाजच नाही! वर बघतो तर त्याच्या गळ्याची घाटी खाली गेली.

"मॅडम," मी हळूच विचारलं, "हा थुंकला का नाही?"

त्याने रिकामा ग्लास पुन्हा पिंपाखाली धरला. "या चार नंबरला वेगळं काय केलंत?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे.

हिने कमरेची किल्ली तेवढी आणखी आत खोचली.