आधी भेव सांग

समोर आलेल्या विद्यार्थ्याला सर नाव नंतर विचारायचे. आधी भीती विचारायचे, “तुले भेव कायचं वाटते?” यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते एम.ए.ला समाजशास्त्र शिकवत. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी जूनमध्ये नव्याने नेमणूक. मुलं त्यांना भेववाले सर म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. “नाव बराबर हाय,” ते म्हणायचे, “फक्त तोंडावर म्हणत जा.”

दोन वर्षांत कोणता विषय कधी घ्यायचा, याचा आराखडा ते प्रत्येकाकडून करून घेत. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू आणि पेन्सिल, एवढंच सामान. मध्ये चार सत्रांच्या चार चौकटी, त्यांत विषय. डावीकडे रुंद समास, त्यात आपलं भेव. पेन चालत नसे. “पेनानं लिहिलं का मानूस चूक खोडत नाही, तिची बाजू घेते.” खोडरबर त्यांच्या खिशातच असे आणि चौकटी हव्या तितक्या वेळा पुसल्या जात. समासाला मात्र ते रबर लावू देत नसत.

माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांनी मला एम.ए.ला घातलं, पण एका अटीवर. “चारच्या गाडीनं घरी याचं. एक दिवस गाडी हुकली तं कॉलेज बंद.” ते रागीट नव्हते. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या तुरीतून जातो आणि दिवाळीनंतर तिथे लवकर अंधारतं. ते घाबरत होते, आणि त्यांचं घाबरणं माझ्या अंगात उतरलं होतं. तासाला बसले तरी माझं अर्धं लक्ष घड्याळात असे.

म्हणून मी आराखडा केला तो गाडी बघून. चारच्या आत संपणारे सगळे विषय घेतले. सरांचा संशोधन पद्धतीचा तास चारला होता. तो विषय मी पहिल्या वर्षातून उचलला आणि चौथ्या सत्रात, प्रकल्पाच्या शेजारी ठेवून दिला. चौकटी छान भरल्या होत्या. विषय निवडीचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

सरांनी पान हातात घेतलं.

“हा एसटीचा टाइमटेबल हाय का एम.ए.चा?”

त्यांनी संशोधन पद्धतीच्या चौकटीवर बोट ठेवलं.

“पद्धती शिकल्याशिवाय प्रकल्प भेटत नाही, अन् प्रकल्पाशिवाय डिग्री भेटत नाही. तू तं पोरी, आधी जेवून मंग चूल पेटवून राह्यली.”

चारचा तास घेतला तर कॉलेज बंद, न घेतला तर डिग्री नाही. मी म्हटलं, “सर, मंग मी नाव काढून घेतो.”

“समास कोरा हाय तुया,” ते म्हणाले. “आधी भेव सांग.”

मी गाडीचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, तुरीतल्या रस्त्याचं सांगितलं. त्यांनी तिन्ही भेवं बारीक अक्षरात समासात उतरवली. मग उठून वर्गात गेले आणि माझं नाव न घेता सगळ्यांना म्हणाले, “पद्धतीचा तास डब्याच्या सुट्टीत घेतला तं कोनाले अडचन हाय?” एक जण म्हणाला, “सर, जेवाचं कवा?” सर म्हणाले, “जेवता जेवता शिक. भाजीचा मसाला पाहाले गंजातली सगळी भाजी खा लागते का? एक घास पुरते. नमुना निवड म्हंजे तेच.” पहिलं सत्रभर आम्ही संशोधन पद्धती पोळी-भाजीसोबत शिकलो. माझ्या वहीच्या त्या पानांवर अजून तेलाचे डाग आहेत.

दुसरी धास्ती प्रकल्पाची. तो द्यायचा चौथ्या सत्रात, पण कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती दुसऱ्या सत्रापासूनच घ्यायच्या होत्या, त्याही अनोळखी गावात. प्रश्नावली तयार होती, पण अनोळखी दारात उभं राहणं मी रोज पुढे ढकलत होते. सर म्हणाले, “प्रश्न विचारू नोको. आधी पानी माग. पानी मांगनारा मानूस मोठा नसते, समोरचा मोकळा बोलते.”

ते मला जमणार नव्हतं. आईने लहानपणापासून शिकवलं होतं, दुसऱ्याच्या दारी पाणी मागायचं नाही. कारण तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या वस्तीत ते न सांगता कळतं. सरांना मी हे बोलले नाही. समासातही लिहिलं नाही.

तरी सरांनी सांगितलं म्हणून पहिल्याच घरी पाणी मागितलं. बाई ओट्यावर तूर निवडत होती. हसून उठली. दारातून वळून म्हणाली, “कोन्या गावची व तू? आडनाव काय तुयं?”

मी सांगितलं. हातातला तांब्या तिने ठेवला आणि खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला एक गिलास काढला.

मी पाणी प्यायले. सगळे प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी सरांसमोर कागद ठेवले आणि म्हटलं, “मले नाही जमत सर. मी नाही करत आता.”

सरांनी सगळं ऐकून घेतलं. “मीच पाठवलं तुले,” ते म्हणाले. “मांगतानी काय होऊ शकते, ते मले ठाऊक होतं. माह्या हातातही आला होता तो गिलास. सांगाले पायजे होतं.” त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी माझं कॅलेंडरचं पान मागितलं. प्रकल्पाच्या चौकटीत मी लिहिलेली गावांची नावं पुसून पुन्हा लिहिली, पहिल्या दोन गावांत माझ्यासोबत वर्गातली एक मुलगी घातली. समासात लिहिलं : गिलास. आणि म्हणाले, “प्रश्नावलीत नाही, पन प्रकल्पात हे येईन. तू बसली, इचारलं, लिहून आनलं. जमत नाही म्हंते कायले?”

प्रकल्प त्या उन्हाळ्याआधी अर्धा झाला. सुट्टी लागायच्या दिवशी मी धीर करून विचारलं, “सर, तुमाले कायचं भेव वाटते?”

ते हसले. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नसावं. पेन्सिल घेऊन माझ्याच समासात, माझ्या सगळ्या भेवांच्या खाली, त्यांनी लिहिलं : जून.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरे सर होते. चांगले होते. त्यांनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं.

उरलेला प्रकल्प मी त्या पानावरूनच केला. पास झाले. बाबा निकालाच्या दिवशी फाट्यावर उभे होते, गाडी वेळेवर आली तरीही.

या वर्षी मलाही एका कॉलेजात तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली. सर आता वणीला कोळशाच्या ट्रकांच्या एका ऑफिसात कारकुनी करतात, असं कळलं. नंबर मिळवून फोन केला. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. मी नाव सांगायच्या आतच त्यांनी आवाज ओळखला.

“नेमनूक झाली? बेस झालं. आता भेव कायचं?”

“जूनचं, सर.”

“बरं,” सर म्हणाले. “समासात लिहून ठेव. आता चौकटीत काय काय शिकवाचं हाय, ते वाच.”

मी कॅलेंडरचं पान जवळ ओढलं आणि वाचायला लागले.