पहिल्या चहाचा मान

वस्तादाला उजव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि त्याचा त्याला कोण गर्व! पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली ती गेली, तीही स्वतःच्याच आगाऊपणामुळे. पण सांगताना आव असा, की स्वारी लढाई मारून आलीय. कारखान्यात सगळे तसलेच दीडशहाणे. ज्याची बोटं सर्वांत जास्त गेलेली, त्याला चहाचा पहिला कप. ज्याची सगळी शाबूत, त्याला म्हणायचं 'अख्खा', आणि त्याने शेवटचा, गार झालेला कप प्यायचा. पहिला कप वस्तादाने वर्षानुवर्षं कुणाला मिळू दिला नव्हता.

प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहत. एवढी अक्कल त्या लोखंडाला होती, या मंडळींना नव्हती. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबून ठेवायचं, दुसरं एका हाताने दाबायचं आणि मोकळ्या हाताने आत पत्रा सरकवायचा. काम भराभर उरकतं म्हणे! मालक बघून न बघितल्यासारखं करी. त्याचं काय जात होतं?

वस्तादाचा जावई तिथेच कामाला लागला. तो आल्या आल्या पाचर काढून फेकायचा, सगळ्यांच्या मागे पडायचा आणि गार चहा मुकाट प्यायचा. वस्तादाला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"जावईबापू, चारचौघांत माझं नाक का कापताय?"

"मामा, तुमच्या लेकीला शब्द दिलाय. दोन्ही हात घेऊन घरी येईन म्हणून."

"तिला काय कळतंय त्यातलं!"

एका सकाळी वस्तादाने सगळ्यांना गोळा केलं आणि जावयाच्या प्रेसमध्ये स्वतःच्या हाताने पाचर ठोकली. "आज ही काढलीत, तर माझ्या घराची पायरी चढू नका." सगळे फिदीफिदी हसले. जावयाने मान खाली घातली आणि काम सुरू केलं. चहा यायच्या आधीच त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

जखम भरल्यावर तो परत आला, झाडलोटीच्या कामावर. चहावाला सवयीने वस्तादापुढे थांबला, मग वळला आणि पहिला कप त्याने जावयापुढे धरला. जावयाने उजवा हात पुढे केला. कप नुसत्या अंगठ्यावर कसा टिकणार? चहा सदऱ्यावर सांडला. या वेळी कुणी हसलं नाही.

वस्तादाने धावत जाऊन दुसरा कप आणला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

"राहू द्या मामा," जावई म्हणाला. "मला माझा तो गार कप परत द्या."