घाऱ्या फिरंग्याची चढती कमान

नाशकात तेव्हा मूकपट काढणारी एक छोटी कंपनी होती आणि पंचवटीतला टांगेवाला गोरक्ष तिथं अधूनमधून गोरा साहेब व्हायचा. रंग उजळ, डोळे घारे, एवढंच त्याचं भांडवल. अभिनय कशाशी खातात हे आपल्याला ठाऊक नाही, असं तो स्वतःच हसत सांगायचा. इंग्रज सरकारची खप्पामर्जी नको म्हणून कंपनी त्याला जुन्या काळातला फिरंगी म्हणायची. नाव काही का असेना, टोपी तीच.

कारकीर्द मात्र चढती होती हं! आधी तो फिरंग्यांच्या घोळक्यात उभा राहिला, तिथं तोफेच्या धुरानं त्याला गिळलं. मग घोड्यावर बसला, पण पाठमोरा. पुढं तर त्याला मरायलाही मिळालं, तेही पालथं. तरी गडी स्टेशनवर सांगत सुटायचा की आपल्यावाचून कंपनीचं पान हलत नाही.

त्याची आई चंद्रभागा शेजारच्या कुसाबाईला घेऊन प्रत्येक सिनेमा बघून यायची आणि पोराला शोधून शोधून दुखलेली मान चोळत बसायची. पोरगा दिसायचा नाहीच. तिला वाटे, हा कुठंतरी पत्ते कुटत बसतो आणि आपल्याला थापा मारतो. घोडा बिचारा दिवसभर दावणीला.

शेवटी तिनं सांगून टाकलं, "आता एकदाच बघीन. दिसलास तर खुशाल कर. नाय दिसलास तर शिनेमा बंद, टांगा जुपायचा."

गोरक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. पण नशीब बघा, त्याच वेळी त्याला तोंड दाखवायचं काम मिळालं. फिरंग्यानं एका म्हातारीच्या घरात घुसायचं, देव्हाऱ्यापर्यंत जायचं आणि चांदीचे देव उचलायचे. चेहरा थेट कॅमेऱ्यासमोर.

पंचवटीतलंच एक घर भाड्यानं घेतलं. कॅमेरा फिरू लागला. गोरक्ष तलवार उपसून धावत आला आणि उंबऱ्यापाशी थांबून त्यानं बूट काढले.

"अरे, लुटायला आलायस की सत्यनारायणाच्या प्रसादाला?" डायरेक्टर कपाळावर हात मारून म्हणाला.

दुसऱ्या खेपेलाही तेच. मग बुटांच्या नाड्या गाठी मारून आवळल्या. बुटासकट आत गेला, तर देव्हारा दिसताच तलवार काखेत मारून याचे हात जोडलेले! आपण किती अडाणी फिरंगी आहोत, हे गोरक्षालाच कळेना. अखेर डायरेक्टरनं त्याच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्यात पेटती मशाल दिली, म्हणजे हात मोकळे राहायलाच नकोत. देव उचलायचं काम मागून येणाऱ्या दुसऱ्या फिरंगी शिपायाकडं गेलं.

या खेपेला तो आत शिरला. बुटानं देवघराच्या फरशीवर पाऊल टाकताना त्याला इतकी शरम वाटली की तोंड वेडंवाकडं झालं, डोळे वटारले गेले. डायरेक्टर म्हणाला, "वा, काय क्रूर चेहरा केलास!" गोरक्षानं मान डोलावली. फुकटचं कौतुक कोण नाकारतो?

सिनेमा लागला. बायकांत चंद्रभागा आणि कुसाबाई, पुरुषांत गोरक्ष. पडद्यावर तागाची मिशी लावलेला त्याचा तोच वेडावाकडा चेहरा भलामोठा आला, तसा तो पुढं सरकून बसला. तेवढ्यात बायकांतून एक ओळखीचा आवाज चढला.

"मुडदा बसवला तुझा! देवापुढं बूट घालून? आईनं हेच वळण लावलं का रं तुला?"

मग सगळ्याच बायका बोटं मोडू लागल्या. गोरक्षानं मान खाली घातली. पण खोटं कशाला बोला, आतून त्याला गुदगुल्याही होत होत्या. जन्म दिलेल्या आईलाही आपण खरा फिरंगी वाटलो, म्हणजे काय समजायचं?

खेळ सुटल्यावर दोघींना टांग्यात बसवून तो निघाला. थोडं पुढं गेल्यावर आई म्हणाली, "नाय दिसलास."

"आई, तो जो फिरंगी होता ना—"

"त्याचं नाव काढू नको. आसलं पोर माझ्या पोटी आसतं तर मी गोदावरीत उडी घेतली आसती."

गोरक्षानं लगाम घट्ट धरला. खरं सांगितलं तर सिनेमा राहतो, आणि आई?

"माझं काम कापलं असेल," तो म्हणाला.

"मग सकाळपासून टांगा," आई म्हणाली आणि मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो "बरं" म्हणाला. जन्मात एकदाच त्यानं चोख काम केलं होतं, आणि ते तिच्यापासून मरेपर्यंत लपवावं लागणार होतं.